कचेरी आणि वर्गखोली : आगीपासून संरक्षण

कचेरी आणि शाळा या दोन्ही वास्तू सर्वसाधारणपणे सुरक्षित मानल्या जातात. तेथे कारखान्याप्रमाणे भट्टी नसते, की धोकादायक रसायनांचा साठा नसतो. या समजुतीमुळेच तेथील आगीच्या धोक्याकडे दुर्लक्ष होते. वास्तविक कागदांचे गठ्ठे, लाकडी कपाटे, पडदे आणि विजेच्या तारा यांचा जेथे सहवास आहे, तेथे एक ठिणगीही पुरेशी ठरते.

दोन घटनांचा धडा

तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग वर्गांवरील गवती छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. २१ जून २०१२ रोजी दुपारी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. या दुर्घटनेत ५ जणांचा मृत्यू झाला आणि असंख्य कागदपत्रे भस्मसात झाली. एक इमारत लहान, दुसरी राज्यकारभाराचे केंद्र; परंतु आगीने दोहोंत भेद केला नाही.

आग का लागते?

कचेऱ्यांतील अनेक आगींचे मूळ विजेच्या वापरात असते. एकाच प्लगवर पंखा, संगणक, किटली आणि चार्जर जोडले की तारेवर तिच्या क्षमतेहून अधिक भार येतो. तार तापते, तिचे आवरण वितळते आणि ठिणगी उडते. वारंवार उडणारा फ्यूज ही धोक्याची सूचना असते. त्या जागी जाड तार बसविणे म्हणजे सूचना देणाऱ्याचेच तोंड बंद करणे होय. शाळांमध्ये माध्यान्ह भोजनाचे स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा या दोन जागांकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. स्वयंपाकघर वर्गखोल्यांपासून अलग असावे आणि सरपणाचा साठा चुलीपासून दूर ठेवावा.

धूर हा खरा शत्रू

आगीत होरपळून जितके बळी जातात, त्याहून अधिक धुराने गुदमरून जातात. गरम धूर प्रथम छताकडे चढतो. जमिनीलगतची हवा काही काळ श्वास घेण्याजोगी राहते. म्हणून धुराने भरलेल्या खोलीतून ओणवे होऊन किंवा रांगत बाहेर पडावे. बाहेर पडताना खोलीत कोणी राहिले नाही याची खात्री करून दार ओढून घ्यावे. बंद दारामुळे आग आणि धूर यांचा प्रसार मंदावतो व इतरांना सुटकेसाठी मोलाची मिनिटे मिळतात. उद्वाहकाचा वापर मात्र कदापि करू नये. वीज खंडित झाल्यास तो मध्येच अडकतो.

जिना हीच जीवनवाहिनी

मोडक्या खुर्च्या, जुने बाक आणि निकालात काढावयाच्या नस्त्या यांची रवानगी बहुधा जिन्याखाली होते. सुटकेची एकमेव वाट अशा रीतीने इंधनाचे कोठार बनते. शाळा भरलेली असताना मागील दरवाजास कुलूप लावण्याची प्रथाही तितकीच घातक आहे. जिने व मार्गिका मोकळ्या असणे यास काडीचाही खर्च येत नाही. हवी असते ती केवळ दक्षता.

अग्निशामक नळकांडे

भिंतीवर टांगलेले लाल नळकांडे ही शोभेची वस्तू नव्हे. त्याची खीळ ओढावी, तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे नव्हे तर बुंध्याकडे धरावे, मूठ दाबावी आणि फवारा डावीकडून उजवीकडे फिरवावा. लहान नळकांडे अर्ध्या मिनिटाच्या आतच रिकामे होते. म्हणून आग लहान असेल आणि पाठीमागे बाहेर जाण्याची वाट मोकळी असेल, तरच ते वापरावे. विजेच्या उपकरणावर पाणी मारू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करून कोरड्या चूर्णाचे अथवा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे वापरावे.

कायदा आणि सराव

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते. कुंभकोणमच्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निर्णय दिला आणि सुरक्षित शाळेत शिकणे हा बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

तथापि, प्रमाणपत्राने आग विझत नाही. त्यासाठी सराव हवा. घंटेचा विशिष्ट नाद ऐकताच प्रत्येक वर्गाने रांगेने, न धावता, ठरलेल्या जिन्याने मैदानात यावे. शिक्षकाने हजेरीपत्रक सोबत घ्यावे आणि मैदानात पटसंख्या मोजावी. आत कोणी राहिले आहे काय, याचे उत्तर अग्निशमन दलास त्याच हजेरीपत्रकातून मिळते. कचेरीतही प्रत्येक मजल्यावर अशा एका व्यक्तीची नेमणूक असावी. अपंग सहकाऱ्यांस आणि लहान वर्गांतील मुलांस कोण नेणार, हेही आधीच ठरलेले असावे. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळविताना इमारतीचे नाव, मजला आणि जवळची खूण स्पष्ट सांगावी.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात प्राण गमावलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. प्रत्येक कचेरीने आणि शाळेने किमान त्या सप्ताहात आपला जिना मोकळा केला, नळकांडे तपासले आणि एकदा सराव केला, तर त्या जवानांना वाहिलेली ती कृतिशील आदरांजली ठरेल.