किशोर, विनीत आणि चाबूकस्वार

'किशोर' हा शब्द आज आपण वयात येणाऱ्या मुलासाठी वापरतो. अमरकोशात मात्र तो घोड्याच्या पिल्लाचे, म्हणजे मराठीत ज्याला शिंगरू म्हणतात त्याचे, नाव म्हणून येतो. त्याच कोशात, अश्ववाचक शब्दांच्या त्याच गटात, 'विनीत' ही संज्ञा उत्तम चालणाऱ्या, शिकवून तयार केलेल्या घोड्याला दिलेली आहे. तबेला आणि पाठशाळा यांची शब्दसंपत्ती अशी सामाईक असल्यामुळे एक प्रश्न उपस्थित होतो. भारतीय वाङ्मयात दम, विनय, संयम या कल्पना अश्वाच्या प्रतिमेतून वारंवार व्यक्त झाल्या आहेत. त्या प्रतिमेमागे शिक्षणाची कोणती कल्पना होती?

कठोपनिषदातील रथाचे रूपक सर्वपरिचित आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी. या रूपकाचे विवरण करताना 'इंद्रियांना लगाम घालणे' म्हणजे त्यांना बळाने आवरणे, असा अर्थ आपण सहज गृहीत धरतो. परंतु शिंगरू शिकवणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे पाहिल्यास हा अर्थ अपुरा वाटू लागतो.

शिंगराचे शिक्षण स्वार पाठीवर बसण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. प्रथम त्याला माणसाच्या हाताची सवय करतात. अंगावरून हात फिरवणे, खरारा करणे, खूर उचलून धरणे, दोरी धरून चालवणे या त्यातील पायऱ्या होत. त्यानंतर लांब दोरीवर वर्तुळात फिरवणे येते. हिंदीत यालाच 'कावा देना' म्हणतात. मग तोंडात लगामाची कडी, पाठीवर कापड, त्यानंतर खोगीर आणि सैल बांधलेला तंग. साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पाठीवर माणसाचे वजन येते, तेही आधी नुसते ओणवे होऊन टाकलेले. पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या वर्षानंतरही चालू असल्यामुळे जाणता शिक्षक येथे घाई करीत नाही. शिवाय घोडा हा मुळात हिंस्र पशूंचे भक्ष्य असलेला प्राणी आहे. पाठीवर अचानक आलेले ओझे त्याला जिवावरचे संकट वाटते. त्याचे बुजणे आणि उधळणे हा दुष्टपणा नसून भय असते.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट लगामाच्या वापराची आहे. लगाम ओढल्याने घोडा शिकत नाही. ओढ लागल्यावर त्याने किंचित मान दिली, की त्याच क्षणी ओढ सैल होते, आणि त्या सैल होण्यातून तो शिकतो. ओढ हा केवळ प्रश्न असतो. घोड्याचे उत्तर बरोबर आले, हे त्याला मोकळीक सांगते. जो स्वार सैल सोडायला विसरतो, त्याचा घोडा तोंडाने बधिर होतो आणि पुढे कोणत्याही ओढीला दाद देत नाही.

ही प्रक्रिया प्राचीन ग्रंथकारांना अपरिचित नव्हती. मज्झिमनिकायातील ६५ वे, भद्दालि सुत्त या दृष्टीने लक्षणीय आहे. भद्दालि हा भिक्षू एकवेळ भोजनाचा नियम मानण्यास नकार देऊन तीन महिने बुद्धांसमोर आला नव्हता. त्याला पुढे जो उपदेश केला जातो, त्यात जातिवंत शिंगराची उपमा येते. अश्वशिक्षक त्याला प्रथम तोंडातील कडीची सवय करतो, तेव्हा ते वळवळते, धडपडते; कारण ही गोष्ट त्याने पूर्वी कधी केलेली नसते. सतत आणि क्रमाक्रमाने केलेल्या अभ्यासाने ते त्या बाबतीत शांत होते. मग जू, मग पावलांचा क्रम, मग मंडलाकार चाल, मग धाव. प्रत्येक पायरीवर पुन्हा धडपड आणि पुन्हा शांती. या शांतीसाठी पाली पाठात 'परिनिब्बायति' हे क्रियापद योजले आहे. निर्वाणाच्या कुळातील शब्द येथे लगामाला रुळलेल्या शिंगरासाठी येतो! नियम झुगारणाऱ्या भिक्षूला ही उपमा सांगितली जावी, यात मोठे औचित्य आहे. त्याची धडपड पाप म्हणून नव्हे, तर नवखेपणा म्हणून समजून घेतली गेली आहे.

परंतु परंपरेचे हे चित्र सर्वस्वी मृदू आहे, असे म्हणता येणार नाही. अंगुत्तरनिकायातील केसि सुत्तात केसि नावाचा अश्वशिक्षक आपल्या पद्धती सांगतो: काही घोडे सौम्यपणे, काही कठोरपणे, काही दोन्ही रीतींनी, आणि कशानेच न वठणाऱ्या घोड्याला तो ठार करतो. बुद्धही आपली रीत तीच असल्याचे सांगतात आणि केसि चकित होतो. त्यावर खुलासा येतो, की ज्याच्याशी बोलणे आणि ज्याला शिकवणे सोडून दिले जाते, तो आर्यांच्या विनयात मारला गेल्यासारखाच असतो. शिक्षकाचे मौन हीच येथे अंतिम शिक्षा ठरते.

तुलनेसाठी ग्रीक परंपरेकडे पाहता येईल. इ. स. पू. ४ थ्या शतकात झेनोफनने अश्वारोहणावर लिहिलेल्या ग्रंथात, सक्तीने करवून घेतलेल्या कृतीत घोड्याची समज नसते आणि सौंदर्यही नसते, असे म्हटले आहे. नर्तकाला चाबकाने नाचवावे तसा तो प्रकार होय. उलट इंग्रजीत घोडा शिकवण्यासाठी रूढ झालेले क्रियापद शब्दशः 'मोडणे' या अर्थाचे आहे.

मराठीत लगाम, खोगीर, रिकीब, चाबूक हे शब्द फारसीच्या संपर्कातून आले. कोवळे घोडे शिकवून तयार करणाऱ्याला 'चाबूकस्वार' म्हणत. हातात चाबूक असलेला स्वार, असाच त्याचा अर्थ कोणीही करील. परंतु फारसीत 'चाबुक' या शब्दाचा अर्थ चपळ, तल्लख असाही आहे, आणि 'चाबुक-सवार' म्हणजे कुशल स्वार. कौशल्य मागे पडून आपल्या कानात फक्त फटकारा उरला!

अर्थाच्या या संकोचाला केवळ व्युत्पत्तीचे कुतूहल म्हणून बाजूला सारता येत नाही. कठोपनिषदातील सारथी अशाच रीतीने आपल्या वाचनात चाबूकवाला होऊन बसला आहे. त्या रूपकात चांगल्या सारथ्याचे घोडे चांगलेच असतात. ते मारले जात नाहीत, रथापासून सोडलेही जात नाहीत. त्यांच्यावाचून प्रवासच संभवत नाही. 'दम' या शब्दाचा अनुवाद करताना दडपणे आणि रुळवणे यांतील अंतर ज्याला जाणवेल, त्यालाच किशोराचा विनीत कसा होतो, हे कळण्याची शक्यता आहे. आणि वर्गात शिकवणाऱ्या आपणा सर्वांना, ओढ केव्हा सैल करावी, हा प्रश्न रोजचाच आहे.