कर्जत दोन आहेत

एक्सेलच्या जुन्या फाइलमध्ये एका शीटवर ६५,५३६ ओळी मावत. त्यापुढचा माल दुसऱ्या शीटवर न्यावा लागे आणि मग दोन शीटची बेरीज जुळवण्यात अख्खी दुपार जाई. २००७ च्या आवृत्तीने ही मर्यादा १०,४८,५७६ वर नेली, तेव्हा महिनाअखेरचा एमआयएस अहवाल ज्यांच्या गळ्यात पडे त्यांना हायसं वाटलं. 'डेटा व्हिज्युअलायझेशन' हा भारदस्त शब्द तोवर ऑफिसात आलेला नव्हता. साहेब म्हणत, 'जरा ग्राफ काढून दे.' तो ग्राफ काढणं गेल्या वीसेक वर्षांत जवळजवळ फुकट झालं. त्याच्याखालचा तक्ता नीट लावण्याचे कष्ट मात्र होते तेवढेच राहिले, आणि पॉवर बीआय वा टॅब्लो या ग्राफ काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या क्लासला नाव घालणाऱ्याला हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही.

आलेख तसा जुना. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये आयात-निर्यातीच्या रेषा काढल्या. १८०१ चा पाय चार्टही त्याच्याच खात्यावर जमा आहे. संगणकावर आधी आकडेमोड आली, १९७९ च्या व्हिजिकॅल्कमधून. १९८३ च्या लोटस १-२-३ ने त्याच प्रोग्रॅममध्ये आलेखही दिले, आणि १९९३ च्या एक्सेल ५ ने पिव्होट टेबल. आपल्याकडे हे सगळं गावोगाव पोचवलं ते २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने. सरकारी नोकरीसाठी लागतं म्हणून लाखो मुलामुलींनी तो कोर्स केला आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यातला पहिला चार्ट तिथेच काढला. रेंज सिलेक्ट करायची, चार्ट विझार्ड उघडायचा, पाय निवडायचा आणि तोही थ्री-डी. थ्री-डी पायमध्ये समोरच्या तुकड्याला जाडी मिळते, मागचा तेवढ्याच टक्क्यांचा तुकडा आडवा पडून बारीक दिसतो. पण तो देखणा होता, प्रोजेक्टवर छापून द्यायला बरा होता. त्याची सवय अजून गेलेली नाही.

पुढे डॅशबोर्ड आले, ते मोटारीतून उतरल्यासारखे. एक्सेल्सियस नावाचं सॉफ्टवेअर फ्लॅशवर चाले. त्यात चकचकीत तबकड्या असत, काटा लाल पट्ट्यातून हिरव्यात सरके आणि बोर्डरूममध्ये माना डोलत. एका तबकडीने पाव पडदा खाल्ला तरी सांगायची एकच संख्या. ती गेल्या महिन्यापेक्षा वर आहे की खाली, हे विचारायची सोय तिच्यात नाही. स्टीफन फ्यू यांनी २००६ च्या 'इन्फर्मेशन डॅशबोर्ड डिझाइन' या पुस्तकात अशा तबकड्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. २०२० अखेर फ्लॅशचाच कारभार आटोपला आणि त्याच्यावर बेतलेली जुनी डॅशबोर्डंही त्याबरोबर गेली. फार कुणी डोळे पुसले असतील असं वाटत नाही.

फ्यू यांच्या रागाला आधार होता. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये माणसाचा डोळा काय अचूक जोखतो हे प्रयोग करून पाहिलं होतं. एकाच मोजपट्टीवरचं स्थान सर्वांत अचूक, मग लांबी, मग कोन, क्षेत्रफळ त्याच्याही मागे. म्हणजे साधा बार पुढे आणि पाय मागे. नवशिक्याने एवढी उतरंड लक्षात ठेवली तरी चार्ट निवडण्याचा निम्मा घोळ मिटतो.

टॅब्लोचा जन्म याच विचारातून झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट हॅनरहान यांच्या हाताखाली ख्रिस स्टोल्टी पीएचडी करत होते. त्यांच्या 'पोलॅरिस' या प्रकल्पातून, ख्रिश्चन शॅबो यांना जोडीला घेऊन, २००३ मध्ये कंपनी उभी राहिली. एक्सेलमध्ये चित्र दिसण्याआधी चार्टचा प्रकार आपणच निवडावा लागतो. टॅब्लोने ती पायरीच गाळली. रकाना उचलायचा, ओळींच्या किंवा स्तंभांच्या पट्टीवर टाकायचा. चित्र आपोआप उभं राहतं. आज हे सगळीकडे आहे, तेव्हा ते पाहून लोक खुर्चीत पुढे सरकत.

नवशिक्याची पहिली ठेच मात्र इथेच. टॅब्लोमध्ये रकाना निळा असतो किंवा हिरवा. निळा म्हणजे सुटे सुटे कप्पे, हिरवा म्हणजे अखंड पट्टी. तारखेतला महिना निळा ठेवला की सगळ्या वर्षांचे जानेवारी एका कप्प्यात जमा होतात. हिरवा केला की जानेवारी २०१८ पासून रेषा सलग धावते. आकडे तेच, पण पहिलं चित्र सांगतं की दरवर्षी दिवाळीला विक्री वाढते, आणि दुसरं सांगतं की धंदा तीन वर्षं घसरतो आहे. आपल्याला यातलं काय विचारायचं आहे हे ठरवल्याशिवाय रंगाचा निर्णय होत नाही, आणि ते ठरवायला सॉफ्टवेअर लागत नाही.

त्या काळात टॅब्लोच्या पूर्ण आवृत्तीचा परवाना जवळजवळ २,००० डॉलरला पडे. २०१० मध्ये टॅब्लो पब्लिक फुकट मिळू लागलं. तेव्हा अट अशी होती की केलेलं काम त्यांच्या सर्व्हरवर सगळ्या जगाला दिसेल असं ठेवायचं. शिकणाऱ्यांनी क्रिकेटचे आणि सिनेमाचे आकडे टाकून हात साफ केला. कंपनीची विक्री तिथे कोण ठेवणार?

मग जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवर बीआय बाजारात आणलं. डेस्कटॉप फुकट, दुसऱ्याला दाखवायचं तर तेव्हा माणशी महिन्याला १० डॉलरच्या आत पडे. ज्यांचा हात एक्सेलवर बसलेला होता त्यांना ते आपलं वाटलं. पुण्या-मुंबईत 'व्हीलुकअप येतं का?' असं विचारणाऱ्या मुलाखती हळूहळू पॉवर बीआयच्या सूत्रभाषेवर, 'डॅक्स येतं का?' वर आल्या. माझ्या मते पॉवर बीआयची खरी देणगी त्याच्या चार्टमध्ये नाही, तक्ता साफ करणाऱ्या पॉवर क्वेरीत आहे. आणि ती २०१६ च्या एक्सेलमध्येही येऊन बसली, तरी कित्येकांनी ती अजून उघडलेली नाही.

टॅलीतून काढलेली एखादी फाइल घ्या. वर कंपनीचं नाव, पत्ता, 'पासून – पर्यंत'. मग एप्रिल ते मार्च असे बारा आडवे रकाने. मध्येच उपबेरीज, खाली बेरीज. कागदावर वाचायला उत्तम, डॅशबोर्डाला निरुपयोगी. पॉवर क्वेरीत वरच्या ओळी उडवायच्या, मथळा वर चढवायचा, बेरजेच्या ओळी गाळायच्या आणि बारा रकाने 'अनपिव्होट' करायचे. आडवा तक्ता उभा होतो: गिऱ्हाईक, महिना, रक्कम, एका ओळीत एकच गोष्ट. केलेल्या पायऱ्या उजव्या बाजूला लिहिलेल्या राहतात. पुढच्या महिन्याची फाइल त्याच जागी टाकून रिफ्रेश दाबलं की सगळं पुन्हा घडतं. अनपिव्होट कळलं की अर्धं पॉवर बीआय आलं, असं मी खुशाल म्हणेन.

उरलेलं अर्धं दोन तक्ते जोडण्यात आहे. समजा एका तक्त्यात तालुकावार पाऊस आहे, दुसऱ्यात तालुकावार पेरणी. जोडायचे कशावर? हात आपोआप तालुक्याच्या नावाकडे जातो. पण कर्जत दोन आहेत. एक रायगडमधलं, माथेरानच्या पायथ्याचं, जिथे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. दुसरं अहिल्यानगरमधलं, पर्जन्यछायेतलं, जिथे तो काही शेकड्यांत संपतो. नावावर जोडलं की प्रत्येक कर्जतला दोन्ही पाऊस चिकटतात, ओळी दुप्पट होतात आणि सरासरी काढली तर दुष्काळी तालुका कोकणात जाऊन बसतो. खेड पुण्यात आहे नि रत्नागिरीतही. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. चार्ट यातलं काहीच बोलत नाही. तो तितकाच सुबक दिसतो. म्हणून नाव दाखवायला ठेवायचं आणि जोडायचं ते सरकारी कोडवर. केंद्राच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत प्रत्येक तालुक्याला आणि गावाला तो दिलेला आहे.

अशी बारीकसारीक विघ्नं आणखी. जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेली गावांची नावं फिल्टरमध्ये रोमन अक्षरांचा कचरा होऊन उतरतात. आधी युनिकोड करून घ्यावं लागतं. ०३/०४/२०२१ ही आपली ३ एप्रिल, अमेरिकी सेटिंगवर ४ मार्च. आणि कार्डावरचा तो 'एम'. १२.५ एम दाखवलं की साहेब हमखास विचारतात, 'म्हणजे किती लाख?' सव्वाशे लाख म्हणजे सव्वा कोटी, हा हिशेब वाचणाऱ्याने का करावा? दहा मिनिटं खर्चून लाख-कोटीचा फॉरमॅट बसवून घ्यावा.

डॅशबोर्ड हा शब्द घराघरात नेला तो करोनाने. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एन्शेंग डाँग आणि लॉरेन गार्डनर यांनी २२ जानेवारी २०२० ला काळ्या नकाशावर लाल वर्तुळांचा डॅशबोर्ड जगापुढे ठेवला. १० मार्च २०२३ पर्यंत तो चालू राहिला. भारतात कोविड१९इंडिया हा स्वयंसेवकांचा उद्योग राज्यांची रोजची पत्रकं वाचून आकडे तक्त्यात भरत होता. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी तो थांबवला. आलेख वाचायला कधी न बसलेली माणसं 'कर्व्ह फ्लॅट होतोय का' असं बोलू लागली.

त्याच काळात तक्त्याने आपली किंमतही वसूल केली. १६ जून २०२० ला महाराष्ट्राच्या मृत्यूंची रेषा एकाएकी उभी चढली. राज्याने त्या दिवशी आधी नोंदायचे राहून गेलेले १,३२८ मृत्यू यादीत घेतले होते, त्यातले ८६२ मुंबईचे. मृत्यू कित्येक दिवसांचे, नोंद एका दिवसाची. मृत्यूची तारीख आणि नोंदीची तारीख हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि चार्ट कोणत्या रकान्यावर काढला हे खाली एका ओळीत लिहिलं नाही तर बघणारा घाबरतो किंवा फसतो. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडने उघड केलं की १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले होते. प्रयोगशाळांचे आकडे जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये भरले जात होते आणि ६५,५३६ ओळींच्या पुढचं सगळं गळून पडत होतं. मर्यादा वाढून तेरा वर्षं झाली होती. फाइलचा प्रकार तेवढा बदलायचा राहिला होता.

त्यानंतरची वर्षं नावं बदलण्यात आणि बोलकं होण्यात गेली. टॅब्लो २०१९ मध्येच सेल्सफोर्सने घेतलं होतं. गूगलच्या डेटा स्टुडिओचं २०२२ मध्ये लुकर स्टुडिओ झालं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवर बीआयमध्ये कोपायलट दाखवला. आता 'जिल्हावार विक्रीचा बार काढ' असं लिहिलं की बार निघतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे बरंच झालं. बटणं शोधण्यात जाणारे दिवस वाचले, त्यामुळे पहिला आठवडा थेट तक्त्यावर घालवता येतो.

जिल्हावार म्हणजे कोणते जिल्हे, हे मात्र त्याला आपणच सांगायचं. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ही नावं बदलली आहेत. जुन्या फाइलमध्ये जुनी, नव्यात नवी, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. नाव बदललेलं निस्तरायला दोन रकान्यांची यादी पुरते. हद्द बदलली की काम वाढतं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर निघालं. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा १,१०,६०,१४८ लोकांचा. त्यातले २९,९०,११६ आजच्या पालघरचे. दरडोई काहीही काढायचं तर आजच्या ठाण्याच्या आकड्याला ८०,७०,०३२ ने भागायचं, आणि २०१४ च्या आधीपासूनची रेषा हवी असेल तर दोन्ही जिल्हे शेवटपर्यंत एकत्र धरायचे.