हर की दून : हिमालयातील एका पदयात्रेची पूर्वतयारी

उत्तराखंड राज्याच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, टोन्स नदीच्या उगमाकडील डोंगराळ मुलुखात ‘हर की दून’ नावाचे एक निवांत खोरे आहे. हर म्हणजे शंकर आणि दून म्हणजे खोरे. डेहराडून या नावातील दूनही तोच. समुद्रसपाटीपासून ३,५६६ मीटर उंचीवरील या खोऱ्यापाशी देवदाराची वने केव्हाच मागे पडलेली असतात, भूर्जवृक्षही विरळ होतात आणि पुढे केवळ गवताळ कुरणे उरतात. अशा कुरणास तेथे ‘बुग्याल’ म्हणतात. समोर ६,२५२ मीटर उंचीचे स्वर्गारोहिणी शिखर उभे असते. पांडव याच वाटेने स्वर्गास गेले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. केदारनाथ-बद्रीनाथच्या मार्गावरील यात्रेकरूंची रीघ या बाजूस नाही.

डेहराडूनच्या दून स्कूलमधील शिक्षक जॅक गिब्सन हे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या डोंगरांत हिंडत असत. शेजारच्या बंदरपूंछ शिखरावर त्यांनी १९४६ आणि १९५० साली मोहिमा नेल्या. त्यांपैकी दुसऱ्या मोहिमेत तेन्झिंग नोर्गे शिखरावर पोहोचले. शिक्षकाने मुलांना पर्वत दाखवावा ही परंपरा तेथे अशी जुनी आहे. आपल्याकडील शाळा, महाविद्यालये व गिरिभ्रमण मंडळे हिमालयातील सहलींचे बेत आखतात, ही गोष्ट म्हणूनच स्वागतार्ह होय. मात्र बेत आखताना किती किलोमीटर चालावयाचे, एवढाच हिशेब बहुधा मांडला जातो, आणि तेथेच गफलत होते.

वाहनाने सांकरी व तेथून १२ किलोमीटरवरील तालुका या गावी जाता येते. (तालुका हे गावाचेच नाव आहे, ते तहसिलीचे ठिकाण नव्हे.) तालुक्यापासून सुपीन नदीच्या काठाने ओसला गाव सुमारे १३ किलोमीटर आणि ओसल्याहून हर की दून आणखी ११-१२ किलोमीटर. सह्याद्रीत वावरलेल्या माणसास हे अंतर दोन दिवसांचे वाटेल, आणि पायांपुरते ते खरेही आहे. परंतु चालावयास प्रारंभ करण्यापूर्वी ज्या सांकरीत मुक्काम पडतो, ते गाव सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर. म्हणजे जेथे आपला अनुभव संपतो, त्याहूनही वर ही वाट सुरू होते.

उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे ६५ टक्के असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू तिसऱ्या हिश्शाने घटतो. शरीर या स्थितीशी जुळवून घेते, पण त्यास अवधी लागतो. तीन हजार मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला आहे. दिवसा कितीही चढावे, निजावयास मात्र खाली यावे, असे पहाडी वाटाड्येही सांगतात. तात्पर्य एकच.

या दृष्टीने पाहता ओसल्याचा मुक्काम सुमारे २,५६० मीटरवर आणि त्यापुढील हर की दूनचा ३,५६६ मीटरवर. एका रात्रीत हजार मीटरची उडी! घाईचा बेत येथेच अंगाशी येतो. ओसल्यास दोन रात्री काढाव्यात, पुढे मधल्या वाटेवर एक मुक्काम करावा, तेथून सकाळी दून पाहून सायंकाळी परत त्याच मुक्कामी यावे, हे इष्ट. याने सहल दोन दिवसांनी लांबते व खर्चही वाढतो. तथापि रजा अपुरी असेल तर दिवस कापण्याऐवजी हा बेत पुढील वर्षावर टाकलेला बरा.

विरळ हवेची बाधा तरुण व धडधाकट माणसासही होते. डोके दुखणे, मळमळ, अन्न नकोसे होणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे होत. ती दिसताच पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागणे व खोकला येणे ही फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची, तर बोलण्यात असंबद्धता येणे, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता न येणे ही मेंदूस सूज येऊ लागल्याची खूण समजावी. अशा वेळी उजाडण्याची वाट न पाहता रोग्यास सोबतीने खाली न्यावे; खाली उतरणे हाच खरा उपचार होय. विद्यार्थी मागे राहण्याच्या भयाने दुखणे लपवितात. म्हणून शिक्षकांनी दररोज सायंकाळी प्रत्येकाची स्वतंत्रपणे विचारपूस करावी. दमा, हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. उंचीवर घ्यावयाची औषधेही त्यांनाच विचारून घ्यावीत.

ऋतूही नीट निवडला पाहिजे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत व सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ सोयीचा. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात. पण चांगल्या ऋतूवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. जून २०२४ मध्ये उत्तरकाशी व टिहरी जिल्ह्यांच्या सीमेवरील सहस्रताल येथून परतणारी २२ जणांची तुकडी हिमवादळात सापडली आणि ९ जण मृत्युमुखी पडले. तुकडीतील बहुतेक लोक कर्नाटकातील होते. तो उन्हाळ्याचा महिना होता. ओल्या अंगास वारा लागला की शरीरातील उष्णता झपाट्याने उतरते. आणि ओला सुती कपडा मुळीच ऊब देत नाही. किनारपट्टीवरील माणसाच्या पेटीत नेमके सुती कपडेच असतात! लोकरी बनियन, स्वेटर, कानटोपी, हातमोजे आणि पाऊस अडविणारा अंगरखा हे सामान घोड्यावर न लादता प्रत्येकाने आपल्या पाठीवरच ठेवावे. दुपारी आभाळ भरून येण्याचा तेथे नेम नसतो. यास्तव पहाटे निघून दुपारपर्यंत मुक्काम गाठावा.

हा प्रदेश १९५५ साली स्थापन झालेल्या गोविंद अभयारण्याच्या हद्दीत येतो. वनखात्याची अनुज्ञा व शुल्क यांचे काम नैटवाड येथे होते. तेथेच रुपीन व सुपीन या नद्या एकत्र येऊन टोन्स बनते. डेहराडून ते सांकरी हा सुमारे २०० किलोमीटरचा घाटरस्ता पूर्ण दिवस घेतो. त्याच दिवशी पुढे चालण्याचा बेत ठेवू नये. वाटाड्या सांकरी किंवा ओसला येथील घ्यावा. बुग्याल ही त्या गावांच्या मेंढ्यांची चराऊ राने आहेत; तंबू कोठे ठोकावा आणि पाणी कोठले घ्यावे हे त्या लोकांनाच विचारावे. वर नेलेले प्लॅस्टिक मोजून परत आणावे. परतीचा दिवस ठरवून त्याची एक चिठ्ठी घरी आणि एक सांकरीत मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावी. त्यापुढे दूरध्वनीवर भिस्त ठेवता येत नाही.