लडाखच्या हिवाळ्यासाठी मेंढ्यांच्या वैरणीचे गणित

दख्खनच्या धनगराला चाऱ्याची चिंता उन्हाळ्यात पडते. लडाखच्या मेंढपाळाला ती हिवाळ्याची असते. नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत सुमारे १५० दिवस तेथे चरण्याजोगे गवत जवळजवळ नसते. झोजी ला खिंड बर्फाने बंद पडली की बाहेरून चारा आणण्याचा मार्गही आखडतो. २०१३ च्या आरंभी चांगथांग पठारावर झालेल्या अतिवृष्टीसारख्या हिमपातात हजारो शेळ्या-मेंढ्या दगावल्या होत्या. त्यामुळे वैरणीचा हिशेब उन्हाळा संपण्यापूर्वीच मांडावा लागतो.

हा हिशेब अवघड नाही. ३० किलो वजनाच्या मेंढीला दररोज वजनाच्या सुमारे तीन टक्के, म्हणजे ९०० ग्रॅम शुष्क पदार्थ लागतो. वाळलेल्या चाऱ्यातही थोडा ओलावा असतो, म्हणून प्रत्यक्षात एक किलो धरावा. २० मेंढ्यांना १५० दिवसांसाठी ३० क्विंटल वैरण लागेल. तुडवली जाणारी व बुरशीने वाया जाणारी वैरण १५ टक्के धरली, तर साठा ३५ क्विंटलच्या घरात जातो.

मात्र केवळ वजन पुरेसे नाही. जवाच्या काडात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. पोटातील सूक्ष्मजीवांना तंतुमय चारा पचविण्यासाठी किमान सात-आठ टक्के लागतात. म्हणजे केवळ काड खाणारी मेंढी भरल्या पोटी रोडावते. ही उणीव लसूणघास भरून काढतो. लेहच्या परिसरात त्याच्या साधारण दोन कापण्या होतात. घास वाळवून, त्याचे पीळ घालून छपरावर साठवण्याची रीत जुनी आहे. फुलोऱ्याच्या आरंभी कापलेला घास सर्वांत पौष्टिक. ओलावा १५ टक्क्यांहून अधिक राहिल्यास गंजी आतून तापते व बुरशी धरते. पाने गळाली तर प्रथिनेही गेली, त्यामुळे तो फार वाळल्यावर हलवू नये. घास व काड निम्मे-निम्मे दिल्यास मेंढ्यांचे बरे चालते.

कोकरे एप्रिलमध्ये अपेक्षित असतील तर फेब्रुवारीच्या मध्यापासून कसोटी सुरू होते. गर्भाची बहुतांश वाढ अखेरच्या सहा आठवड्यांत होते. त्याच वेळी वाढत्या गर्भामुळे पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. जुळी पोसणारी मेंढी अशा वेळी अंगातील चरबी झपाट्याने वितळवते आणि आजारी पडून बसते. म्हणून गाभण मेंढीला दररोज २०० ते २५० ग्रॅम भरडलेले जव किंवा पेंडीसह खुराक द्यावा. अशा १२ मेंढ्यांसाठी ४५ दिवसांना साधारण १३५ किलो धान्य बाजूला ठेवावे. ते हळूहळू वाढवावे. एकदम दिलेल्या धान्याने पोटात आम्लता होऊन मेंढी मरू शकते.

थंडीच्या रात्री संध्याकाळचा काडचारा अधिक उपयोगी, कारण तो पचताना शरीराला ऊब मिळते. पाणी गोठू देऊ नये. पाणी कमी प्यालेली मेंढी चाराही कमी खाते.

साठा कमी पडणार असे सप्टेंबरातच दिसत असेल, तर दात झिजलेल्या व वांझ मेंढ्या तेव्हाच विकाव्यात. तीन मेंढ्या कमी केल्यास सुमारे पाच क्विंटल वैरण वाचते, आणि तेव्हा त्यांच्या अंगावर मांसही असते. जानेवारीच्या मध्यास गंजी पुन्हा मोजावी. निम्म्याहून थोडा अधिक साठा शिल्लक नसेल तर दररोजच्या चाऱ्यात कपात आधी सशक्त, भाकड मेंढ्यांच्या वाट्यात करावी. गाभण मेंढ्यांच्या नव्हे.