थ्री-नॉट-थ्रीचें काडतूस

बंदूक टिकते, काडतूस संपतें. इंग्रजी सैन्याच्या ली-एन्फील्ड रायफली महायुद्धांनंतर विक्रीस निघून कॅनडांतील शिकाऱ्यांच्या घरीं गेल्या. पुढें १९५४ सालीं नाटो राष्ट्रांनीं ७.६२ मिलिमीटरचें काडतूस ठरविलें, आणि थ्री-नॉट-थ्रीचा लष्करी सांठा आटत गेला. सर्बियांतील व चेक देशांतील कारखाने तें आजहि नव्यानें करितात. पण जुन्या पेट्यांचा मोह सुटत नाहीं.

अशी पेटी मिळाल्यास प्रथम काडतुसाचें बूड वाचावें. तेथें कारखान्याची खूण व बहुधा साल असतें. ‘के. एफ.’ हीं अक्षरें आपल्या खडकीचीं. गंमत अशी कीं, भारतांत हें बोअर खासगी परवानेदारास निषिद्ध. म्हणूनच ईशापूरच्या कारखान्यानें ली-एन्फील्डच्याच घडणीची ३१५ बोअरची शिकारी रायफल काढली.

जुन्या टोपींतील पोटॅशियम क्लोरेट जळून नळींत क्षार उरतो. तो हवेंतील ओल ओढून पोलाद खातो. तेलानें तो विरघळत नाहीं. त्याच दिवशीं नळी कढत पाण्यानें धुवावी, कोरडी करावी, मगच तेल द्यावें. चाप ओढूनहि बार न झाल्यास बोल्ट मुळींच उघडूं नये. रायफल निर्धोक दिशेस रोखून निदान एक मिनिट थांबावें. जुना बार कधीं कधीं उशिरा उडतो.