होड्या शाकारल्या की पिठलं

जून लागला की थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूडच्या किनाऱ्यांवर होड्या वर ओढलेल्या दिसतात. काही झापांनी शाकारलेल्या, बऱ्याचशा आता निळ्या ताडपत्रीने. पावसाळा हा मासळीच्या विणीचा हंगाम, म्हणून अनेक वर्षं १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तसाही समुद्र त्या दिवसांत कोणाचं ऐकत नाही. बंदी संपते न संपते तोच श्रावण दारात. एरवी ज्या घरात कालवणाशिवाय भाताचा घास उतरत नाही, तिथे दुपारी कुणीतरी विचारतं, ‘आज काय?’ आतून उत्तर येतं, ‘पिठलं.’

या उत्तरात थोडा ओशाळेपणा असतो. काही नसलं की पिठलं, अशीच या पदार्थाची ख्याती. डब्यात पीठ, टोपलीत कांदा-लसूण आणि फोडणीचं तेल एवढ्यावर पाऊण तासात चार माणसं जेवून उठतात, आणि तरी त्याला मान नाही.

बेसनाचं पिठलं मुळात या किनाऱ्याचं असावं असं शेतीकडे पाहून तरी वाटत नाही. भात कापला की रायगडच्या खाचरांत उरलेल्या ओलीवर होतात ते वाल. हरभरा हे मुख्यतः घाटमाथ्यापलीकडचं, मराठवाडा-विदर्भाचं पीक. किनाऱ्याचं घरचं पिठलं कुळथाचं. कुळीथ भाजायचा, भरडून फोलपटं पाखडायची आणि मग दळायचा. पीठ तपकिरी, वास खमंग मातकट. रत्नागिरी-सिंधुदुर्गात याला ‘पिठी’ म्हणतात. त्यात लिंबू पिळत नाहीत, दोन-तीन आमसुलं टाकतात. परसातल्या रातांब्याची सालं उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली असतात, ती इथे कामी येतात. कुळथाचं पीठ बहुतेक घरांत थंड पाण्यात कालवूनच फोडणीत ओततात. ते पातळच ठेवायचं, भातावर पसरेल इतकं, कारण ताटात येईपर्यंत ते आपोआप आळतं.

बेसनाच्या बाबतीत मात्र घराघरांत दोन पक्ष. एक पक्ष पीठ पाण्यात कालवून ओतणारा. यात चुकण्यासारखं फारसं नाही. दुसरा पक्ष आधणात कोरडं पीठ वैरणारा, आणि चव त्याच्याच बाजूला आहे, असं म्हटल्यावर निम्मी घरं रागावतील. वैरलेलं पिठलं जरा रवाळ, मोकळं लागतं, कालवलेलं गुळगुळीत. गिरणीतून किंचित जाडसर दळून आणलेलं पीठ असेल तर हा फरक आणखी कळतो. पाकिटातलं अगदी मऊ बेसन भज्यांना बरं.

वैरणं हे हाताचं काम. आधी कढईत सढळ तेल, मोहरी, हिंग, ठेचलेली लसूण, हिरव्या मिरचीचे तुकडे, कढीपत्ता. कांदा पारदर्शक होईपर्यंत परतायचा, हळद घालायची. वाटीभर पिठाला तीन वाट्या पाणी आणि मीठ. पाणी खळखळू लागलं की डाव्या मुठीतून पीठ बोटांच्या फटींतून सोडत राहायचं आणि उजव्या हाताने पळी फिरवत राहायची. दोन्हींपैकी एकही हात थांबला की गुठळी. पिठातलं स्टार्च सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगतं आणि चिकट होतं. पीठ एकदम ढिगाने पडलं, तर त्या ढिगाची बाहेरची बाजू तेवढ्यात चिकटून बंद होते आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचतच नाही. मग जेवताना दाताखाली ती पांढुरकी, कोरडी गोळी येते आणि सासू काही न बोलता सुनेकडे बघते.

नवशिकी माणसं आणखी एका ठिकाणी फसतात. पिठलं घट्ट झालं की त्यांना ते शिजलं असं वाटतं. घट्ट तर ते दोन मिनिटांत होतं. कच्चट वास जायला झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं द्यावी लागतात. तोवर आतून फटफट बुडबुडे फुटतात आणि झाकण काढणाऱ्याच्या मनगटावर एखादा तरी चटका बसतोच. कडेला तेल दिसू लागलं की गॅस बंद.

कांदा कोणता, हा अलिबागकडे गंभीर प्रश्न. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव या पट्ट्यातला पांढरा कांदा गोडसर, कमी झोंबणारा. भातानंतर त्याची लागवड होते आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेला त्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पिठल्यात तो विरघळून जातो आणि मिरचीचा तिखटपणा सौम्य करतो. ज्यांना पिठलं झणझणीत लागतं, ते लाल कांदाच घेतात आणि पांढरा कच्चा, बुक्की मारून फोडून, शेजारी ठेवतात.

आता या किनाऱ्याची खरी करामत. समुद्र बंद असला तरी घर पुरतं शाकाहारी होतंच असं नाही. मे महिन्यात कडक उन्हात वाळवलेली सुकट, जवळा, सोडे डब्यांत भरून ठेवलेले असतात. सोलून वाळवलेली कोळंबी म्हणजे सोडे. ते कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून, घट्ट पिळून कांद्याबरोबर परतायचे आणि मग पीठ घालायचं. बेसनातही चालतात, पण कुळथाच्या पिठल्यात ते अधिक जमतात. श्रावण पाळणाऱ्या घरात अर्थात हा डबा नारळी पौर्णिमेपर्यंत, कुठे गणपती होईपर्यंत, वरच्या फळीवर जातो.

सोबत तांदळाची भाकरी. गरम पाण्यात पीठ मळून, पाणी लावत थापलेली, पांढरीशुभ्र आणि मऊ. घाटावरच्या माणसाला पिठल्याबरोबर ज्वारी किंवा बाजरीच हवी असते. त्याला ही भाकरी फिकी वाटते. किल्ले रायगडावर जाणारे मात्र असल्या वादात पडत नाहीत. चढून दमलेल्या माणसाला गडावर पिठलं-भाकरी आणि ताक पुढे आलं की पुरे. याच जोडीच्या कोरड्या भावंडाला, झुणक्याला, १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर योजनेत आणलं होतं. नाक्यानाक्यावर केंद्रं उभी राहिली, पुढे योजना बंद पडली.

घरात मात्र शेवटची लढाई कढईवर होते. पिठलं वाढून झालं की तळाशी चिकटलेली खरवड उरते, किंचित करपलेली, तेलकट, लसणीच्या वासाची. ती उलथन्याने खरवडताना होणारा आवाज ओसरीपर्यंत ऐकू जातो आणि पोरं ताट हातात घेऊनच आत येतात. जाणती बाई पिठलं उतरवण्याआधी आच क्षणभर मुद्दाम वाढवते.