शांत पाण्याचा चकवा

शाळांना सुट्टी लागली की बेळगाव, निपाणीकडची कुटुंबे घाट उतरून समुद्र गाठतात. बेळगावकर चोर्ल्यामार्गे गोव्यात येतात. निपाणीकर आजरा-आंबोलीमार्गे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने परिचित असलेल्या शिरोड्याकडे वळतात. लहान गावातला निवांत किनारा सर्वांनाच हवाहवासा वाटतो. मात्र तेथे जीवरक्षक असतीलच असे नाही.

नदी-विहिरीत पोहायला शिकलेल्या या पाहुण्यांना समुद्राची एक रीत ठाऊक नसते. लाटांनी किनाऱ्याशी आणलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने माघारी फिरते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसते आणि माणसे नेमकी तेथेच उतरतात. हा प्रवाह तळाशी ओढत नाही, खोल समुद्राकडे नेतो. त्याच्याविरुद्ध पोहणारा दमतो आणि बुडतो. अशा वेळी तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे.

गोव्यात लाल-पिवळ्या बावट्यांमधली जागा पोहण्यासाठी असते. लाल बावटा दिसल्यास पाण्यात उतरू नये. बावटाच नसेल तेथे आधी गावच्या रापणकाराला विचारावे. घरी आलेल्या पाहुण्याला एवढे सांगणे हे यजमानाचेही कर्तव्य आहे.